आवळायचं किती?

ईव्ह या चिनी कंपनीच्या एलएफ२८०के या लिथियम लोह-फॉस्फेट सेलचं तांत्रिक पत्रक चाळताना एका ओळीपाशी बहुतेकांची नजर थांबते. हा सेल ६००० वेळा भरता-रिकामा करता येतो, असं ते पत्रक सांगतं; आणि ही चाचणी घेताना सेल ३०० किलोंच्या दाबाखाली धरला होता, अशी अट सोबत जोडतं. घरच्या घरी बॅटरी बांधणाऱ्या मंडळींमध्ये या एका अटीवरून जेवढा काथ्याकूट झाला आहे, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशावरून झाला असेल.

आकडा वाचून माणसं दोन टोकांना जातात. एक जण जाड प्लेटा, रॉड आणि नट आणून सेलांची चळत जीव खाऊन आवळतो. दुसरा म्हणतो, एवढा खटाटोप कोण करणार. आणि सेल आले तसे एकाला एक लावून स्लॉटेड अँगलच्या रॅकवर ठेवून मोकळा होतो. मला वाटतं, दोघांचंही लक्ष भलतीकडे आहे. घरच्या बॅटरीत दाबाच्या आधी बांधणी येते. सेल हलता कामा नये. त्याची डबी शेजारच्या डबीला किंवा कुठल्याही लोखंडाला लागता कामा नये. त्याच्या टर्मिनलवर ओढ येता कामा नये. आणि तो फुगू लागला तर ते आपल्याला बाहेरून कळलं पाहिजे. यातलं एक जरी राहिलं, तरी किलोकिलोचा हिशेब लावून दिलेला दाब काही कामाचा नाही.

सेल का फुगतो, इथून सुरुवात करू. लोह-फॉस्फेटचा धनाग्र म्हणून उपयोग होऊ शकतो हे अक्षय पाढी, के. एस. नंजुंदस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी टेक्सास विद्यापीठात दाखवलं. त्यांचा शोधनिबंध १९९७ साली प्रसिद्ध झाला. गुडइनफ यांना पुढे २०१९ मध्ये, वयाच्या ९७व्या वर्षी, रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या रसायनाचा मोठा गुण म्हणजे त्यातला ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो. तापला तरी सहजासहजी सुटत नाही. म्हणून निकेल-कोबाल्टच्या सेलांपेक्षा हे सेल पेट घ्यायला बरेच नाखूश असतात.

सेल भरताना लिथियम धनाग्रातून निघून समोरच्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतं. लिथियम निघून गेल्यावर लोह-फॉस्फेटचं आकारमान साडेसहा-सात टक्क्यांनी घटतं. उलट ग्रॅफाइटचे थर लिथियमला जागा देताना दहा टक्क्यांच्या आसपास फुगतात. या वजाबाकीत ग्रॅफाइट जिंकतं, आणि भरलेला सेल रिकाम्या सेलपेक्षा किंचित जाड होतो. रिकामा झाला की पुन्हा बसतो. हे रोजचं झालं. त्याखेरीज एक न उतरणारी सूज असते. ग्रॅफाइटवर वर्षानुवर्षं एक पातळ थर साचत जातो, थोडाफार वायू तयार होतो, आणि डबीची रुंद बाजू हळूहळू पोट काढू लागते. डबीचं ॲल्युमिनियम पातळ असतं, तिच्या अरुंद बाजू आणि कोपरे ताठ राहतात, पण मधला सपाट भाग स्वतःच्या बळावर तग धरू शकत नाही.

दाबाचं काम या सपाट भागाला बाहेरून आधार देण्याचं. आतले थर एकमेकांना चिकटून राहिले, तर मध्ये वायूचे कप्पे साचत नाहीत आणि लिथियमची वाट सगळीकडे सारखी राहते. थर सुटले की त्या जागी विद्युतप्रवाह अडतो, आजूबाजूच्या भागावर जास्त भार पडतो, तिथं लिथियम ग्रॅफाइटच्या आत न जाता पृष्ठभागावरच साचू शकतं. पण दाब जास्त झाला तरी नुकसानच. दोन्ही अग्रांच्या मधला पडदा अतिशय बारीक छिद्रांचा असतो. तो चेपला की छिद्रं मिटू लागतात आणि आयनांचा रस्ता अरुंद होतो. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जॉन कॅनरेला आणि क्रेग अरनॉल्ड यांनी २०१४ साली पाऊच सेलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात थोड्या दाबाखालचे सेल मोकळ्या सेलांपेक्षा जास्त टिकले, आणि जास्त दाबाखालच्यांची क्षमता लवकर घसरली. म्हणजे आवळण्याला एक योग्य टप्पा आहे, त्याच्या अलीकडेही तोटा आणि पलीकडेही.

हे सगळं चौकोनी सेलांबद्दल. लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून १८६५० जातीचे गोल सेल जमवणाऱ्यांना ही चिंता नाही; त्यांची पोलादी नळकांडी आतला दाब स्वतःच पेलते. पाऊच सेलला तर डबीच नसते, त्यामुळे त्याला आधार सर्वांत जास्त लागतो आणि नवख्यानं त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

आता तीनशे किलोंचा अर्थ लावू. सेलची रुंद बाजू साधारण १७.४ सेंटिमीटर बाय २०.४ सेंटिमीटर, म्हणजे ३५५ चौरस सेंटिमीटर. तीनशेला तीनशे पंचावन्ननं भागलं की दर चौरस सेंटिमीटरला ०.८५ किलो येतात. टायरवाल्याच्या भाषेत १२ पीएसआय. मोटारीच्या चाकात आपण ३०-३२ भरतो. भीतीदायक वाटणारा आकडा प्रत्यक्षात एवढाच असतो.

दुसरा घोळ बेरजेचा. चळतीत आठ सेल आहेत म्हणून आठ गुणिले तीनशे, असा हिशेब मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. तसं नसतं. सेल एकामागे एक उभे असताना एका टोकाला दिलेला ३०० किलोंचा जोर पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा सगळ्यांमधून तेवढाच जातो. दोन सेल असोत की सोळा, दोन टोकांच्या प्लेटांमधली ओढ ३००च राहते. चार रॉड असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ७५ किलो.

आणि ७५ किलोंसाठी पाना किती फिरवायचा? नट आवळण्याचं जुनं सूत्र आहे: रॉडवरची ओढ गुणिले रॉडचा व्यास गुणिले सुमारे ०.२. आठ मिलिमीटरचा रॉड घेतला तर उत्तर येतं १.२ न्यूटन-मीटरच्या आतबाहेर. वीस सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला ६०० ग्रॅमचा जोर. म्हणजे बोटांनी नट फिरवून घ्यायचा आणि वर जेमतेम थोडा पाना लावायचा. सहज म्हणून पाच किलोंचा जोर लावला, तर एकेका रॉडवर सहाशे किलोंहून जास्त ओढ येते आणि चारांची मिळून अडीच टन. पत्रकातल्या आकड्याच्या आठपट. शिवाय ते ०.२ सुद्धा भरवशाचं नाही. आट्यांना गंज असेल, तेल असेल, वॉशर खडबडीत असेल, तसतसं ते बदलतं. इतक्या कमी जोरावर टॉर्क पाना विश्वासानं काही सांगू शकत नाही. म्हणून पान्यानं मोजण्याचा नाद सोडायचा आणि लांबी मोजायची. त्यासाठी स्प्रिंग.

हे मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते दापोली तालुक्यातल्या एका गावात. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ. गावात सगळे त्यांना सरच म्हणतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या पट्ट्यात खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज आली नाही. सरांकडे तेव्हा बारा व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी आणि नेहमीचा इन्व्हर्टर होता. विहिरीचा पंप त्यावर चालणं शक्यच नव्हतं. पुढच्या काही वर्षांत त्यांनी छतावर सोलर पॅनेल बसवली आणि २८० ॲम्पिअर-तासाचे सोळा सेल मागवले. सोळा सेल एकापुढे एक जोडले की ५१.२ व्होल्ट आणि १४ युनिटांहून थोडी जास्त वीज. वजन सुमारे ८६ किलो. तेवढी वीज शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांत साठवायची म्हटली, तर दीडशे ॲम्पिअर-तासाच्या आठ बॅटऱ्या लागल्या असत्या, आणि त्यांना दीर्घायुष्य हवं असेल तर निम्मीच वीज वापरता आली असती.

सरांनी आठ-आठ सेलांच्या दोन चळती केल्या. टोकाच्या प्लेटांसाठी त्यांनी १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय दुहेरी चिकटवून घेतला. सुतार म्हणाला, "सर, एकच घ्या की, पुरे होईल." सरांनी एकेरी फळीवर चारी कोपऱ्यांना नट आवळून पट्टी आडवी धरून दाखवली. फळी मध्ये बाहेरच्या बाजूला कमानीसारखी वाकली होती. रॉड कडेला असतात, म्हणून जोर कडेला बसतो. आणि सेल पोट काढतो ते नेमकं मध्ये. पातळ फळीनं कडा चेपतात आणि मधल्या भागाला आधारच मिळत नाही. सुतार काही बोलला नाही, दुसरी फळी कापायला घेतली. ॲल्युमिनियमची प्लेट घ्यायची तर दहा-बारा मिलिमीटर तरी जाड हवी, किंवा मागे आडवे चॅनल टाकून ताठ करावी लागते.

स्प्रिंगा त्यांनी डाय स्प्रिंगा घेतल्या. प्रेस टूलच्या कामात वापरतात त्या, चपट्या तारेच्या, रंगवलेल्या. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हिरवी सर्वांत मऊ, मग निळी, मग लाल, आणि पिवळी सर्वांत कडक. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात भोसरीच्या आसपास, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात टूलरूमचं सामान मिळतं तिथं त्या मिळतात. सरांना हवी होती मिलिमीटरला पाच किलो जोर घेणारी. १५ मिलिमीटर दाबली की बरोबर ७५ किलो. दुकानदाराच्या शब्दावर विसंबणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी स्प्रिंग रॉडमध्ये ओवली, वर भोक पाडलेली फळी बसवली आणि फळीवर सिमेंटचं न फोडलेलं पोतं तोलून ठेवलं. पन्नास किलोंखाली स्प्रिंग दहा मिलिमीटर दबली. सगळ्या स्प्रिंगा अशा तपासल्या. एक वेगळी निघाली, ती परत केली.

स्प्रिंगचा खरा फायदा चळत बांधताना लक्षात येत नाही, नंतर येतो. समजा स्प्रिंगा नाहीत, नुसते रॉड आहेत. आठ मिलिमीटर जाडीचा ६५ सेंटिमीटर लांब पोलादी रॉड एक मिलिमीटर ताणायला टनाहून जास्त ओढ लागते. सेल भरताना प्रत्येकी पाव मिलिमीटर जाड झाले, तर आठ सेलांचे दोन मिलिमीटर होतात. रॉड तर हटणार नाही, मग ती सगळी वाढ सेलांनीच एकमेकांच्या अंगावर सोसायची. रिकाम्या सेलांवर नेमका ३०० किलोंचा दाब दिलेला असेल, तर भरल्यावर तो किती झाला हे सांगायला बाहेर काहीच खूण नसते. आता स्प्रिंगा आहेत असं समजा. दोन मिलिमीटरची वाढ प्रत्येक स्प्रिंग निमूटपणे गिळते, तिच्यावर दहा किलो वाढतात, चारांचे चाळीस. तीनशेचे तीनशे चाळीस होतात. काही वर्षांनी कायमची सूज आली, तरी नट अर्धा-एक फेरा सैल करून हिशेब पुन्हा जुळवता येतो. मात्र स्प्रिंग पूर्ण दबून तिचे वेढे एकमेकांना टेकले, तर ती नुसतीच जाड वॉशर होते. म्हणून निवडतानाच हालचालीला भरपूर जागा ठेवायची.

मोटारींचे कारखाने हेच काम सेलांच्या मधल्या खास फोमनं करतात. तो फोम वर्षानुवर्षं दबून राहिला तरी पुन्हा वर येतो, त्यासाठीच तो बनवलेला असतो. पॅकिंगच्या दुकानातला साधा फोम तसा नसतो; काही महिन्यांत चपटा होऊन तसाच राहतो आणि सेल सैल पडतात. त्याच्यापेक्षा फोमच न घातलेला चालेल, पण तो नको.

एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. सेल येतानाच फुगलेला असेल, तर दाबून सपाट करण्याच्या फंदात पडू नये. बाजारात कारखान्यानं बाजूला काढलेले, दुय्यम प्रतीचे सेल नवे म्हणून विकले जातात; सरांच्या पहिल्या खेपेत दोन असे निघाले. त्यांचं पोट पट्टीला सहज जाणवत होतं. त्यांनी ते विक्रेत्याला परत केले, बदली सेल यायला महिना लागला, आणि तेवढे दिवस चौदा सेल खोक्यात पडून राहिले. फुगलेल्या सेलमधले थर आधीच सुटलेले असतात, आत वायू असतो. शिकंज्यात धरला म्हणून थर पूर्ववत होत नाहीत. आतला पडदा फाटण्याची शक्यता तेवढी वाढते.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जातं आणि जिच्यावर माझा सर्वांत जास्त भर आहे, तिच्याकडे येतो. बहुतेक चौकोनी सेलांत ॲल्युमिनियमची डबी आतून धन टोकाशी जोडलेली असते. डबीवर असतं ते फक्त निळं पातळ वेष्टन. चळतीत शेजारच्या दोन डब्यांमध्ये ३.२ व्होल्टचा फरक असतो. पहिल्या आणि आठव्या डबीमध्ये २२ व्होल्टांहून जास्त. सेल रोज भरताना-रिकामे होताना अंश-अंश हलतात. मध्ये वाळूचा एक कण, ड्रिल केल्यावर उडालेली धातूची एक कीस अडकली, तर वेष्टनाला भोक पडायला ते पुरेसं आहे. दोन डब्या एकमेकींना लागल्या तर कुठलाही फ्यूज उडत नाही, कारण तो प्रवाह फ्यूजपर्यंत जातच नाही. बॅटरीवर देखरेख ठेवणाऱ्या बीएमएस यंत्रणेलाही तो तोडता येत नाही.

म्हणून प्रत्येक दोन सेलांमध्ये पूर्ण मापाचा ताठ, विद्युतरोधक तक्ता हवा. एफआर-४ हे ग्लास-इपॉक्सीचं शीट एक-दीड मिलिमीटर जाड मिळतं, ते उत्तम. ते न मिळालं तर हायलम शीट. मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडचा लेदरॉइड पेपर किंवा बॅटरी पॅकवाले वापरतात तो बार्ली पेपर एकट्यानं पुरेसा नाही, वेष्टनावरचं दुसरं पांघरूण म्हणून चालेल. तक्ता सेलच्या पूर्ण अंगाएवढा असावा. अर्धवट मापाचा असला तर त्याच्या कडेचा वळ डबीवर उठतो, आणि दाब सगळा त्या वळावर. भोकं पाडणं, कापणं, घासणं हे सगळं सेल ठेवलेल्या खोलीच्या बाहेर करायचं. ॲल्युमिनियमची कीस चुंबकाला लागत नाही, ती ओल्या फडक्यानंच पुसून घ्यावी लागते.

रॉडचंही तेच. चळतीच्या अंगालगत धावणारा उघडा पोलादी रॉड म्हणजे पहिल्या सेलपासून आठव्यापर्यंत टाकलेली तयार तार. सरांनी प्रत्येक रॉडवर पीव्हीसी पाइप चढवला आणि वरचे रॉड टर्मिनलांच्या पातळीच्या बरेच खाली ठेवले, जेणेकरून वर पाना फिरवताना तो रॉडला टेकणारच नाही. चळतीखालीही लोखंडी अँगल सरळ येऊ दिला नाही, मध्ये हायलमची पट्टी टाकली. काम सुरू करताना त्यांनी आधी मदतीला आलेल्या पुतण्याच्या हातातलं कडं उतरवायला लावलं. "काका, साधे तीन व्होल्ट तर आहेत," तो म्हणाला. सर म्हणाले, "व्होल्ट तीनच आहेत रे, पण अँपिअर किती निघतील ते विचार." या सेलचा आतला रोध ०.२ मिलिओहमच्या आसपास असतो. कड्यानं किंवा पान्यानं टर्मिनल जोडली गेली, तर हजारो ॲम्पिअर वाहतात आणि धातू हातावरच लाल होतो. सरांच्या पान्यांना तोंड सोडून सगळीकडे टेप गुंडाळलेली आहे.

टर्मिनलकडे येऊ. ती ॲल्युमिनियमची असतात, आटे नाजूक, आणि डबीला जिथं ती बसवलेली असतात तिथं एक छोटं सील असतं. दोन टर्मिनलांमध्ये तांब्याचा ताठ बसबार टाकला आणि सेल हलत राहिले, तर सगळी ओढाताण त्या सीलवर येते. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी चळत बांधून पूर्ण आवळायची, मग बसबार. आणि स्प्रिंगा असतील तर बसबार लवचिक हवेत, विणलेल्या तांब्याचे किंवा पातळ पत्र्यांच्या थरांचे, मध्ये थोडी कमान असलेले. लावण्यापूर्वी टर्मिनल बारीक घासणीनं घासून, पुसून, ग्रीसचा अगदी पातळ हात. कारण ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइड चढतं आणि ते वीज वाहू देत नाही. एका जोडात एक मिलिओहम जरी जास्त राहिला, तरी १०० ॲम्पिअरला तिथं दहा वॅट उष्णता तयार होते, दिवसभर, एका नखाएवढ्या जागी. कोकणात खारी हवा आणि चार महिन्यांची ओल, तिथं उघड्या तांब्यापेक्षा कथील किंवा निकेल चढवलेला बसबारच बरा.

दोन टर्मिनलांच्या मध्ये सेलच्या डोक्यावर एक पातळ झडप असते. आतला दाब हाताबाहेर गेला की ती फाटून वायू बाहेर सोडते. तिच्यावर काही चिकटवायचं नाही, वर झाकण असेल तर मध्ये मोकळी जागा ठेवायची, आणि सेल उभेच ठेवायचे.

मग तीनशे किलो पाहिजेतच का? माझं मत स्पष्ट आहे. रोज पूर्ण भरून पूर्ण रिकामी होणारी, अर्ध्या क्षमतेच्या वेगानं चालणारी व्यापारी बॅटरी असेल तर त्या दाबाला अर्थ आहे. घरात तसं होत नाही. पाच किलोवॅटचा इन्व्हर्टर या बॅटरीतून फार तर शंभर ॲम्पिअर ओढतो, तोही क्वचित. एरवी दहा-वीसवर पंखे, दिवे, फ्रिज चालतात. रोज एक पूर्ण चक्र धरलं तरी ६००० चक्रं म्हणजे सोळा वर्षांहून जास्त. त्याआधी काळ आणि उष्णताच सेलला म्हातारा करतील. विदर्भात पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या सेलला दाबानं जे मिळेल, त्याच्या कितीतरी पट उष्णता हिरावून घेईल. म्हणून घरच्या चळतीसाठी दोनशे-तीनशे किलोंच्या दरम्यानचा, स्प्रिंगांनी दिलेला आणि सगळीकडे सारखा बसलेला दाब पुष्कळ झाला. स्प्रिंगा जमत नसतील तर ताठ प्लेटा, मध्ये तक्ते, सेल साधारण निम्मे भरलेले असताना हातानं घट्ट केलेले नट, एवढ्यावरही बांधणी नीट होते. अंदाजानं जास्त आवळण्यापेक्षा कमी आवळलेलं केव्हाही परवडलं, सेल जागचे हलत नाहीत तोवर.

या सेलांना "सुरक्षित रसायन" म्हणण्याची पद्धत पडली आहे, तिच्यामुळे माणसं निष्काळजी होतात. १६ एप्रिल २०२१ रोजी बीजिंगमध्ये लोह-फॉस्फेट बॅटऱ्यांच्या एका साठवणूक केंद्रात स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे दोन जवान गेले. हे सेल ज्वाळा कमी काढतात, पण बिघडून झडप फुटली की बाहेर येणाऱ्या वायूत हायड्रोजनचं प्रमाण मोठं असतं. बंद खोलीत तो साचला आणि ठिणगी मिळाली की झालं. भारतात २०२२ साली विजेवर चालणाऱ्या स्कूटरींना एकामागून एक आगी लागल्यावर एआयएस-१५६ हे मानक कडक करण्यात आलं. ही मानकं पुण्याच्या एआरएआय या संस्थेतून प्रसिद्ध होतात. त्यात बॅटरीला कंपन, यांत्रिक धक्का, उष्णतेचे चढउतार, बाहेरचं शॉर्ट सर्किट, जादा चार्जिंग, आग अशा चाचण्यांतून जावं लागतं. घरी बांधलेली बॅटरी यांपैकी कशातूनच गेलेली नसते. तिची तपासणी बांधणाऱ्यानंच करायची असते, म्हणून बांधणीबद्दल इतकं बोलायचं.

जागा निवडताना सरांनी जिन्याखालची पोकळी नाकारली, माळाही नाकारला. घराच्या मागच्या अंगाला चिऱ्याची एक खोली होती, पूर्वी भाताची पोती ठेवायची. जमिनीला फरशी, भिंतीत वर आणि खाली जाळीची खिडकी, घरात उघडणारं दार नाही. तिथं लाकडी फळीऐवजी सिमेंट शीटवर रॅक, आणि रॅक भिंतीला बोल्टनं बांधलेला. खिडक्यांना बारीक जाळी. पाल किंवा उंदीर दोन बसबारांच्या मध्ये सापडल्यावर काय होतं हे इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारावं. बॅटरीच्या धन टोकापासून हातभराच्या आत क्लास-टी फ्यूज. घरातल्या डीबीमधला साधा एमसीबी इथं चालत नाही. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, तेव्हा आत पेटलेली ठिणगी विझते. बॅटरीची वीज शून्यावर कधी येतच नाही, आणि संपर्क सुटले तरी मधली ठिणगी जळत राहू शकते.

बांधून झाल्यावर सर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी व्हर्नियर घेऊन स्प्रिंगांची लांबी मोजतात आणि वहीत लिहितात. एकाच स्थितीत, सकाळी, बॅटरी निम्मी असताना. मला सगळ्यांत मोलाची वाटली ती ही वही. नुसत्या आवळलेल्या चळतीत सूज लपते. जोर वाढत जातो आणि बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं. स्प्रिंगा असल्या की सेलची सूज थेट लांबीत उतरते. चारही स्प्रिंगा वर्षभरात अर्धा मिलिमीटर आखूड झाल्या तर ते वय. एकाच बाजूच्या दोन स्प्रिंगा महिन्याभरात आखूड झाल्या तर त्या बाजूला काही तरी बिघडतंय, आणि बीएमएसवर प्रत्येक सेलचा व्होल्टेज पाहून, भरताना सर्वांत आधी कोण वर पळतो ते शोधायला हवं. बहुतेक वेळा सूज ही जादा चार्जिंगची किंवा उष्णतेची खूण असते. म्हणून चार्जर सेलमागे ३.६५ व्होल्टपर्यंत नेण्याऐवजी ३.४५ ला थांबवलेला चांगला. साठवणीत फरक अगदी किरकोळ पडतो.

सेल बदलायची वेळ आली तर घाई करायची नाही. आधी बॅटरी जवळजवळ रिकामी करायची, इन्व्हर्टर आणि सोलर दोन्ही तोडायचे, बसबार एकेक करून काढायचे आणि प्रत्येक उघड्या टर्मिनलवर लगेच टोपी. मग चारही नट आळीपाळीनं, समोरासमोरचे, एकेक फेरा सैल. एकच नट पूर्ण काढला तर प्लेट तिरकी होते आणि सगळा जोर एका सेलच्या कडेवर येतो. फुगलेला सेल घराबाहेर, सावलीत, कोरड्या वाळूच्या बादलीत ठेवायचा. भंगारवाल्याला द्यायचा नाही, तो हातोड्यानं ॲल्युमिनियम वेगळं करायला बघेल. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादक आणि आयातदारांवर आहे, आणि त्या अधिकृत पुनर्वापर केंद्रातच जायला हव्यात. नवा सेल घेताना त्याच क्षमतेचा, त्याच मापाचा घ्यायचा. तो उरलेल्या सेलांच्या व्होल्टेजला आणून मगच चळतीत उभा करायचा. तक्ते पुसून परत बसवायचे, नट हातानं टेकवायचे, चारही स्प्रिंगा मोजून सारख्या दाबायच्या, लांबी वहीत लिहायची, आणि त्यानंतर पहिला बसबार.